कंसातले दोन आणे

भांडगावच्या टकल्यांच्या पूनमला कुणी विचारलं की बाई, तू शिरूरला नेमकं करतेस काय, तर ती बेधडक सांगायची, "पेट्यांना शहाणं करते." हे ऐकून एका मावशींनी तिला भजनी मंडळाची पेटी वाजवायला बोलावणंही धाडलं होतं. पण पूनमच्या पेट्या गात नसत. विहिरीवर मोटारीशेजारी भिंतीला लावतात ती लोखंडी पेटी तिची. लाईट आली की मोटार चालू करायची, पाणी खाली गेलं की बंद करायची, हे सगळं त्या पेटीतल्या नखाएवढ्या चिपला सी भाषेत समजावून सांगावं लागतं. ते सांगण्याचं काम पूनमचं.

तिच्या आजोबांपर्यंतच्या पिढ्या मेंढरांमागे हिंडल्या. वडील हनुमंत मात्र भांडगावातच रुजले आणि कांद्या-उसात रमले. पूनम त्यांची एकुलती एक. लहानपणी सायकलवरून पडली तर आधी सायकलला चार शब्द सुनवायची, मग गुडघा बघायची. चूक आपली असू शकते ही शंका तिला जरा उशिरानेच शिवायची. शिवली की मात्र ती चूक सगळ्यांसमोर उचलून उजेडात धरायची, आणि एवढ्या ऐटीत धरायची की बघणाऱ्याला वाटावं, हिला बक्षीसच मिळालंय.

शिरूरला जुन्या मिशनच्या आवारामागे सत्यवान सरांचं वर्कशॉप आहे. सर स्वतः, त्यांचा मुलगा ब्लेसन आणि पूनम, एवढाच कारभार. डिप्लोमा संपवून ती तिथे कामाला म्हणून गेली, तेव्हा सरांनी ना मार्क विचारले ना कॉलेज. कागदावर एक ओळ लिहिली आणि तिच्यापुढे सरकवली.

#define VARGA(x) x * x

"हा मॅक्रो. याला दोन अधिक तीन दिले तर उत्तर काय येईल?"

"पंचवीस."

"नक्की?"

"सर, पाचाचा वर्ग मला दुसरीपासून येतो."

सरांनी ते मशीनवर चालवलं. अकरा आलं. पूनमने आधी मशीनकडे रागाने पाहिलं, मग सरांकडे, आणि मग कुठे त्या ओळीकडे.

"हेच काम करणारं फंक्शन शहाणं असतं," सर म्हणाले. "ते आधी तुझी बेरीज करून घेतं, पाच मोजतं, मग कामाला लागतं. मॅक्रोला बेरीज-बिरीज कळत नाही. तू जे लिहून दिलंस ते उचलायचं आणि जिथे एक्स दिसेल तिथे जसंच्या तसं चिकटवायचं, एवढंच त्याला येतं. दोन अधिक तीन गुणिले दोन अधिक तीन. गुणाकाराचा मान आधी, म्हणून मधल्या तीन आणि दोनाचे सहा झाले. मग दोन, सहा आणि तीन."

"म्हणजे माझी बेरीज फोडली त्याने."

"त्याने नाही. तू त्याला एकत्र ठेव म्हणून सांगितलंच नव्हतंस. कंस घालून सांगायचं. आत येणाऱ्या प्रत्येक नावाला त्याचा कंस, आणि सगळ्याला मिळून बाहेरून एक. आणि हे बघ, मॅक्रो तपासायला कधी साधा आकडा देऊ नकोस. साध्या आकड्याला सगळेच मॅक्रो खरे ठरतात. अधिकाचं चिन्ह दे, म्हणजे त्याचं खरं रूप दिसेल."

त्या दिवसापासून पूनमने कंसांचा असा काही ध्यास घेतला की ब्लेसनला नकोसं झालं. त्याने एकदा मॅक्रोचं नाव आणि कंस यांच्यात एक रिकामी जागा सोडली, तर हिने ती लांबूनच हेरली. जागा सुटली की तो कंसही चिकटवायच्या मजकुरात जातो आणि पुढे सगळा घोळ होतो. दुसऱ्यांदा त्याने दोनांतलं मोठं निवडायच्या मॅक्रोला थेट पाण्याची पातळी वाचायलाच लावली. मॅक्रो चिकटवणारा, त्याने ते वाचन दोन जागी चिकटवलं, म्हणून पेटी एकाच प्रश्नासाठी विहिरीत दोनदा डोकावायची आणि दर वेळी वेगळं उत्तर घेऊन यायची. तेही पूनमने पकडलं आणि आठवडाभर त्याला ऐकवलं. "तुझी बी येळ येईल," ब्लेसन म्हणायचा. पूनम हसायची. तिला खरोखर वाटायचं की ती वेळ काही आता येत नाही.

ती आली भांडगावात, घरच्या विहिरीवर.

ही विहीर सामाईक. आजोबा, त्यांचे थोरले भाऊ तात्याबा आणि धाकटे भाऊ असे तिघे आणि त्यांची बहीण सोजरबाई, या चौघांनी मिळून खोदलेली. आपल्याकडे अशा विहिरीतलं पाणी आण्यांत वाटतात. विहीर म्हणजे सोळा आणे, मग कुणाचे चार, कुणाचे सहा. तात्याबांनी जास्त राबणूक केली म्हणून त्यांचे सहा, बाकी दोघा भावांचे चार-चार. उरलेले दोन आणे सोजरबाईंचे. ऐन तिशीत नवरा गेला आणि त्या आपली मेंढरं घेऊन माहेरी परतल्या. विहीर अर्ध्यावर खडकाला लागली तेव्हा भावांचे हात टेकले. सोजरबाईंनी आपला सगळा कळप विकला आणि त्यातून सुरुंगाचा खर्च उचलला. खडक फुटला, पाणी लागलं. भावांनी त्याच जागी उभं राहून ठरवलं की हिचे दोन आणे, आणि पाळी सांगताना हिचं नाव आधी घ्यायचं.

तेव्हापासून टकल्यांच्यात रीत पडली. सोजरबाई हनुमंताच्या घरी राहायच्या, त्यांचं पाणी हनुमंताच्याच पाइपातून जायचं, पण या घराच्या पाळीला सहा आणे असं कुणी कधी म्हटलं नाही. "दोन आत्याचे, चार आपले," असंच म्हणायचं. त्या दोन आण्यांवर सोजरबाई रानाच्या शेवटच्या टोकाला मेथीचे वाफे करत. ऐंशी उलटली तरी दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्याला पाणी वळवायला, स्वतः खोरं घेऊन उभ्या राहत. "नाव आधी आन् पाणी शेवटी," म्हणून पूनमची आई सुषमा त्यांना चिडवायची, तर त्या म्हणत, "असू दे गं. येतं तर माझ्या नावानं."

आता धाकट्या भावाच्या जागी त्यांचा मुलगा दत्ता होता. दत्ता माणूस वाईट नव्हता. तोंडाने फटकळ आणि उसाच्या पाण्यासाठी सदा हैराण, एवढाच दोष. रोज कुणीतरी घड्याळ घेऊन विहिरीवर उभं राहायचं, एक व्हॉल्व्ह बंद करून दुसरा उघडायचा, आणि रोज कुणाचंतरी घड्याळ पुढे असायचं. या कटकटीला कंटाळून दत्ताने एक तोडगा काढला. आत्याचे दोन आणे वेगळे धरायचेच कशाला? एक त्याला, एक हनुमंताला. पाच, सहा, पाच. हिशेब सुटसुटीत.

तोडगा ऐकून तात्याबा खाकरले. सोजरबाई मेथी खुडत होत्या, त्या खुडतच राहिल्या. आणि रविवारी घरी आलेली पूनम उसळली.

"काका, दोन आणे वेगळे मोजायचं कोडं पडलंय व्हय तुम्हाला? मी पेटी करून देते. ती मोजंल."

"आन् चुकली तर?"

"न्हाई चुकायची."

"चुकली तर?" दत्ता अडूनच बसला. "तुझी पेटी नीट चालली तर आत्याच्या दोन आण्यांचं नाव मी पुन्हा काढणार न्हाई. पन त्या दोन आण्यांत अडकली, तर पाच-सहा-पाच. आबा, तुमी ऐकलंय."

तात्याबांनी मान हलवली. म्हणजे ठरलं. पूनमने सोजरबाईंकडे पाहिलं. त्यांनी खुडलेल्या मेथीची जुडी बांधली आणि नुसतं म्हणाल्या, "पोरगी करंल."

हे सगळं चाललं असताना दत्ताची बहीण सायली दारात उभी होती. वर्षापूर्वी ती लेकीला घेऊन सासरहून परत आली ती इथेच राहिली. तिच्याबद्दल दत्ता कुणाशी बोलायचा नाही आणि कुणी विचारलं तर विषय बदलायचा. त्या दिवशीही ती ऐकत होती आणि तो तिच्याकडे पाठ करून बसला होता.

पूनमने जीव ओतून पेटी केली. तीन पाइपांना तीन व्हॉल्व्ह, आपोआप उघडमिट करणारे. दिवसाची लाईट आठ तास, विहीर सोळा आणे, म्हणजे एक आणा म्हणजे अर्धा तास. इतकं सरळ गणित देवानेच जुळवून दिलेलं. वर्कशॉपमध्ये तिने सगळं पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. कुणाची पाळी किती, तेवढी ओळ मात्र घरी जाऊन भरायची ठेवली होती, कारण आकडे घरच्या माणसांसमोर भरावेत असं तिला वाटलं. शनिवारी ती न्हावऱ्यावरून चौफुल्याला आली, तिथून जीपने घरी. जेवणाच्या ताटाशेजारी लॅपटॉप ठेवून, एका हाताने भाकरी मोडत, तिने ओळ लिहिली. ही मिनिटं पेटी सुरू व्हायच्या आधीच ठरलेली असायला हवीत, म्हणून तिथे मॅक्रोच हवा होता.

#define PALI(aane) aane * 30

तात्याबांचे सहा देऊन बघितले, एकशेऐंशी. दत्ताचे चार, एकशेवीस. झकास. मग तिने घरची पाळी भरली. बोट सहावर जात होतं, ते तिने थांबवलं. टकल्यांच्या घरात सहा कोण म्हणतं? तिने मान आदराने तिरकी करून लिहिलं: PALI(2 + 4). दोन आत्याचे, चार आपले. तिचा ऊर भरून आला. ऊर भरून आला की माणूस तपासायला विसरतो, हेही इथे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

रविवारी सकाळी लाईट आली आणि कुणी हात न लावता मोटार घुमली. पहिला मान सोजरबाईंच्या पाळीचा. व्हॉल्व्ह आपोआप उघडला, पाइप गुरगुरला, कांद्यात पाणी पळालं. दत्ता पेटीसमोर हाताची घडी घालून उभा होता. तात्याबांना बाज टाकून दिली होती. हनुमंत उगाचच पेटीवरची धूळ पुसत होता. सोजरबाई केव्हाच टोकाला जाऊन मेथीच्या कडेला खोरं टेकून उभ्या राहिल्या होत्या.

कांद्याचं रान भिजलं. पाणी मेथीकडे वळलं. सोजरबाईंनी वाकून पहिल्या वाफ्याचं तोंड फोडलं, पाण्याची जीभ आत शिरली, आणि तिथेच थांबली. मागून पाणी येईना. त्या वाट बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी विहिरीकडे तोंड करून हाक मारली, "हनमंता, पानी तुटलं रं!"

पेटीने व्हॉल्व्ह मिटून तात्याबांचा उघडला होता. तीन तास व्हायला अजून चांगला तासभर होता.

दत्ताने पेटीच्या छोट्या पडद्याजवळ डोकं नेलं. पहिल्या पाळीसमोर आकडा होता, एकशेबावीस. तो आधी पुटपुटला, मग हसायला लागला, आणि हसू आवरत नाही म्हणून मांडीवर थाप मारली. "आबा, ऐका. चार आण्यांचे एकशेवीस, बरुबर? आन् वरची दोन मिनिटं. ती आत्याची! पेटीला बी कळलं. दोन आणे म्हंजी दोन मिनिटं, नावापुरते."

कुणी हसलं नाही. सोजरबाई रानातून चालत आल्या होत्या, त्यांनी ते ऐकलं. पदराने हात पुसत त्या विहिरीच्या काठावर टेकल्या. ज्या बाईने कळप विकून खडक फोडला, तिच्या वाट्याला तिच्याच नातीने दोन मिनिटं काढली होती, तीही भावकीसमोर.

पण दत्ताचं बोलणं तिच्या कानात पुन्हा वाजलं. चाराचे एकशेवीस आणि वर दोन. दोन अधिक चार गुणिले तीस. दत्ता टोमणा मारत होता आणि नेमकं दुखण्यावर बोट ठेवत होता. पूनमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिला ब्लेसनचा चेहरा दिसला, सरांचा कागद दिसला, अकरा दिसले.

"काका," ती म्हणाली, "तुमचा हिशेब शंभर टक्के बरोबर हाय."

"बघा! कबूल केलं पोरीनं."

"कबूलच हाय. चूक माझी हाय. पेटीची न्हाई, आन् आत्याआजीची तर न्हाईच न्हाई. मी कंस घालायचं विसरले."

"कंस-बिंस मला सांगू नगंस. पेटी त्या दोन आण्यांत अडकली का न्हाई? अडकली. ठरलं हुतं. पाच-सहा-पाच."

हनुमंत पुढे झाला. त्याला लाईट जाईल याची काळजी. "पूनम, सहा लिही की. सहा लिहिलं तर चालंल ना?"

"चालंल."

"मग लिही. कशाला वाद वाढवतीस?"

"व्हय, लिही सहा," दत्ता लगेच म्हणाला. त्याचे डोळे चमकले. "सहा लिहिलं की आत्याचे दोन पेटीत कुठं र्‍हायले? मग आमच्यात तरी कशाला पायजेत?"

पूनमचं बोट कीबोर्डवर होतं. सहा लिहायला एक क्षण पुरला असता. पाणी चालू झालं असतं, मेथी भिजली असती, बाप सुटकेचा श्वास सोडून मोकळा झाला असता. आणि वरून सोजरबाईच म्हणाल्या, हळू आवाजात, "लिही पोरी सहा. माझ्यापायी समद्यांचं पानी नगं अडाया. माझं काय, आज हाय उद्या न्हाई."

त्यांचे हे शब्द ऐकून पूनमला रडू फुटायचं बाकी राहिलं. पण रडणं हा तिचा स्वभाव नव्हता. तिने लॅपटॉप मांडीवर घट्ट धरला.

"न्हाई लिहिणार. सहा लिहिलं तर आज पाणी मिळंल, पन मॅक्रो तसाच चुकीचा र्‍हाईल. उद्या ज्याला कुणाला वाटा वेगळा लिहायचा असंल, त्यालाबी तो असाच गिळंल. आबा, चहा होईस्तोवर वेळ द्या मला."

तात्याबांनी दत्ताकडे पाहिलं, मग सोजरबाईंकडे. "सायले, चहा ठेव," ते म्हणाले. "आन् हनमंता, माझा पाइप बंद कर. माझं काय नडलंय? आधी हिचं व्हऊ दे."

मोटार थांबवली. सायली चहाला गेली. पूनम बाजेच्या कडेला तात्याबांशेजारी बसली आणि ती ओळ त्यांना दाखवली. वाचता येत नसलं तरी त्यांनी ती नीट पाहिली.

"आबा, मॅक्रो म्हंजी निव्वळ सांगकाम्या. मी त्याला सांगितलं, जे देईन त्याला तिसानं गुण. मी दिले दोन अधिक चार. त्यानं दोघांना एक धरलंच न्हाई. तिसाच्या शेजारी चार उभा हुता, त्याला धरलं, गुणलं. दोन मागं एकटाच र्‍हायला, तसाच्या तसा."

"म्हंजी वाघर लावली न्हाईस तू."

वाघर म्हणजे मुक्कामाला मेंढरांभोवती उभी करायची जाळी. पूनम थबकली.

"दोन घरची मेंढरं एका जागी बसवायची असली तर भवतीनं वाघर लावत्यात," तात्याबा म्हणाले. "मग कुणी बी हाक मारू दे, उठली तर समदी उठत्यात. न्हाई लावली तर कडेची चार उठून जात्यात आन् दोन तितंच. आन् वाघरीत बसवली म्हून काय खुणा पुसत्यात व्हय? हिची ती हिचीच."

सोजरबाईंनी विहिरीच्या काठावरून मान वर केली. कळप विकल्यापासून वाघरीचं नाव त्यांच्यापुढे कुणी काढलं नव्हतं.

"अगदी तेच, आबा," पूनम म्हणाली आणि लिहिलं:

#define PALI(aane) ((aane) * 30)

आतला कंस आण्यांना, बाहेरचा सगळ्या पाळीला. बाहेरचा आज लागत नव्हता, पण उद्या कुणी दिवसाच्या मिनिटांना या पाळीने भागायला गेलं, तर भागाकार नुसत्या आण्यांना धरून बसला असता आणि तीस बाहेर पडले असते. पूनमने दोन्ही घातले. आतली 2 + 4 मात्र तिने बोटानेही हलवली नाही. मग सरांचं बोलणं आठवून तिने आधी अधिकाचं चिन्ह देऊनच तपासलं, आणि लॅपटॉप दत्तापुढे धरला.

"वाचा काका."

"एकशेऐंशी."

"किती तास?"

"तीन." दत्ता नाइलाजाने म्हणाला.

"आन् आत काय लिहिलंय?"

त्याने वाचलं नाही. पण त्याला दिसलं होतं.

सायलीने चहा आणला तेव्हा पेटीत नवा प्रोग्रॅम भरून झाला होता. राहिलेली पाळी पूनमने पुढे चालू केली. मोटार घुमली, व्हॉल्व्ह उघडला. सोजरबाईंनी कपातला चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवला आणि खोरं उचललं. पाणी त्यांच्या पहिल्या वाफ्यात शिरलं, तिथून दुसऱ्यात. त्या अनवाणी चिखलात उभ्या राहून दारं धरत होत्या, आणि हनुमंत मदतीला गेला तर त्याला म्हणाल्या, "तू व्हय बाजूला. माझी पाळी चालू हाय."

तात्याबांनी बाजेवरूनच निकाल दिला. "पेटी चुकली न्हाई, पोरगी चुकली. पोरीनं भरून दिलं. दत्ता, तुझ्या त्वांडून पुन्हा त्या दोन आण्यांचं नाव नगं."

दत्ता कप तिथेच ठेवून उसाकडे निघून गेला. चहापायी गेलेली मिनिटं तात्याबांनी आपल्या पाळीतून सोडली, म्हणून दत्ताचा पाइप दुपारी वेळेवर उघडला, नेमका दोन तास चालला, आणि लाईट जायच्या बेताला मिटला. त्यात खोड काढायला त्याला जागा नव्हती, तरी तो पेटीपाशी दोनदा येऊन गेला.

उन्हं कलली तशी पूनम शिरूरला परत निघायच्या तयारीला लागली. ब्लेसनला हे सगळं सांगायचंच, असं तिने ठरवलं होतं; तो ते ऐकून आठवडाभर छळणार हे धरूनच. शेवटचं एकदा पेटीवर नजर टाकायला ती विहिरीवर गेली, तर दत्ता तिथे उकिडवा बसला होता. पायाचा वाळलेला चिखल काडीने खरवडत होता.

"काका, काही बिघडलं का?"

"न्हाई." काडी मोडली. त्याने दुसरी घेतली. "ती ओळ. माझ्या नावाची. तिच्यात काय लिहिलंयस?"

"चार. तुमचे चार आणे."

"हां." तो पुन्हा खरवडत बसला. जरा वेळाने म्हणाला, "तसं लिहिता येतंय का माझ्यात? तुमच्यावानी. फोडून."

"येतं की. कसं फोडायचं?"

दत्ताने घराकडे पाहिलं. अंगणात सायली लेकीची वेणी घालत बसली होती. तिला इथलं काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

"तीन माझे," तो म्हणाला. "एक सायलीचा. उसाखालचा तो कोपरा दिला मी तिला. तिला भाजी लावायची म्हनती." मग एकदम चिडून म्हणाला, "बघतीस काय? कमी-जास्त तर हुत न्हाई ना? पाणी तेवढंच येतंय ना?"

"तेवढंच येतं, काका. आता कितीबी फोडा."

पूनमने लॅपटॉप उघडला. चारच्या जागी बोट नेलं आणि थांबली. तिला उत्तर ठाऊक होतं, तरी ते दत्ताच्या तोंडून यावं असं वाटलं.

"आधी कुणाचा लिहू?"

"आधी कुणाचा म्हंजी?" दत्ता उठून उभा राहिला आणि हात झटकले. "आपल्यात रीत काय हाय? बाईमाणसाचा आधी. इचारती काय त्यात!"

पूनमने लिहिलं, PALI(1 + 3), आणि पेटीत भरलं. पडद्यावर दत्ताच्या पाळीसमोर एकशेवीस उमटलं. दत्ताने ते वाकून वाचलं, मग घराच्या दिशेने हाक मारली, "सायले, इकडं ये जरा, तुझं काम हाय."